लामाचा पोळा

बाबारावांनी जन्मभर बैल राखले. मग गावात ट्रॅक्टर आले, गोठा रिकामा झाला, आणि बाबाराव चार महिने घरी बसून बायकोचं डोकं खात राहिले. शेवटी बसंतीबाईंनीच त्यांना लोहाऱ्याजवळच्या ‘परदेशी प्राणी दर्शन’मध्ये चाकरीला चिकटवलं.

तिथला मालक पंजाबराव. त्याच्याकडे रीतसर परवाना होता, तोही काचेच्या चौकटीत. इग्वाना नावाच्या भल्यामोठ्या सरड्याला मात्र त्या चौकटीपेक्षाही कमी जागा होती. शहामृग पायातल्या दोरीनं लंगडत होतं. आणि लामा, म्हणजे तोंड उंटाचं अन् अंग मेंढीचं, दिवसभर पोरं पाठीवर घेऊन फिरायची. फाटकावर पाटी होती, ‘सावधान, लामा थुंकते’. पण ती कधी थुंकलीच नाही. थुंकायलाही अंगात जीव लागतो हो! बाबारावांनी तिचं नाव चांदी ठेवलं आणि खोगिराखालच्या जखमा मालकाला दाखवल्या. त्यानं जाड खोगीर आणलं.

पोळ्याच्या दिवशी तपासणीच्या मॅडम येणार, असा पंजाबरावला आधीच सुगावा लागला. त्यानं चांदीसाठी पांढरी साटीनची झूल शिवून घेतली. पाठ झाकून ठेवायची आणि तोंड बंद ठेवायचं, असं बाबारावांना बजावलं. चाकरी जाईल, हेही सांगितलं.

बाबारावांनी मान डोलवली. पण पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे जुवाखाली दुखलेले खांद शेकायचे असतात, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. बैल नाही म्हणून काय झालं? संध्याकाळी त्यांनी तूप-हळद गरम केली, पळसाची पानं बुडवली आणि चांदीची पाठ हलक्या हातानं शेकली. शहामृगाचा पाय शेकला. सरड्याची शेपटीही सोडली नाही. मग बैलांना देतात तसं प्रत्येकाला हात जोडून जेवणाचं आमंत्रण दिलं, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” सरड्यानं डोळे मिटले. बाबारावांनी तो होकार धरला.

सकाळी मॅडम आल्या. पंजाबरावनं परवाना दाखवला, एकाही जनावराला इजा नाही असा कागद दाखवला आणि ऐटीत चांदीला पुढं आणलं. तोवर तूप-हळद साटीनमधून वर आली होती. पांढऱ्या झुलीवर पिवळे धब्बे, मोजून सात.

“ही नक्षी कसली?” मॅडमनी विचारलं.

पंजाबराव म्हणाला, आमची पोळ्याची सजावट. मॅडमनी बाबारावांकडे पाहिलं. बाबारावांना चाकरी आठवली, घरी बसलेले चार महिनेही आठवले. मग चांदीनं त्यांच्या खांद्यावर मान टेकवली.

“नक्षी नाही, मॅडम. जेथं दुखते, तेथं हळद लावली.”

पुढची तपासणी सोपी होती. जिथं पिवळं, तिथं मॅडम थांबायच्या आणि लिहायच्या. महिन्याभरात परवाना गेला, जनावरं दूरच्या प्राणी केंद्रात गेली. बाबारावांची चाकरी तर त्याच दुपारी गेली. चांदीची गाडी निघाली तेव्हा ते ढसाढसा रडले, आणि बसंतीबाईंनी त्यांना चक्क रडू दिलं.

वर्ष झालं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बाबारावांनी केंद्रातल्या अश्वजितला फोन लावला आणि तो चांदीच्या कानाला लावायला सांगितलं. आवतन दिलं, वाट पाहिली. बराच वेळ नुसती खरखर ऐकू आली.

“काका,” अश्वजित म्हणाला, “फोन पुसून राह्यलो. थुंकली ती.”

बाबारावांनी डोळे पुसले आणि बसंतीबाईंना हाक मारली. “आयकलं का वं? थुंकली आपली चांदी.”