अभिप्राय वहीतला अंगठा

वडिलांना, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, मी आयुष्यात एकदाच शहर दाखवलं. नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं असतील. मी शिक्षणासाठी वसतिगृहात राहत होते. आबा डोंगरकड्याजवळच्या आमच्या गावी मेंढरं राखत होते. वारंगा फाट्यावर बस धरून ते एकटेच आले. खांद्यावर घोंगडी, हातात फडक्यात बांधलेले धपाटे. वसतिगृहात मी वडील शेतकरी असल्याचं सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं, दोन एकर कोरडवाहू होतीच. मेंढरांचं मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं.

खोलीतली मैत्रीण त्याच शहरात वाढलेली, तिला मराठी कळत नसे. ती म्हणाली, अंकलना जुनी बाग दाखवू. नवाबी काळातली ती बाग. दगडी कमान, आत प्राणिसंग्रहालय आणि मधोमध लोखंडी सांगाड्याचं मोठं काचघर.

काचघराच्या दाराशी आबांनी वहाणा काढून ठेवल्या. आतला माळी हसला.

"आबा, घाला ना पायात," मी हळूच म्हटलं.

"काहून? एवढं जपून ठिवलंय लोकांनी. चिखलाच्या वहाणा कशा न्याव्या आत?"

ते अनवाणीच फिरले. प्रत्येक कुंडीला पत्र्याची पाटी होती. आबांना वाचता येत नव्हतं, म्हणून ते पानच बोटांत धरून चुरायचे, वास घ्यायचे आणि मला विचारायचे, "हे शेरडं खातेत का गं, माय?"

"क्या पूछ रहे हैं अंकल?" मैत्रिणीनं विचारलं.

"झाडाचं नाव विचारतायत," मी म्हटलं.

पुढे हरणांचं कुंपण होतं. तिथं गर्दी जमली होती. एक काळवीट पुढचे दोन्ही गुडघे जमिनीला टेकून लोकांनी फेकलेले शेंगदाणे वेचत होतं. "देखो देखो, सलाम कर रा!" कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. मीही हसले. आबा हसले नाहीत. ते जाळीला कपाळ लावून उभे राहिले, मग उकिडवे बसले, मग कुंपणाच्या कडेकडेनं पाण्याच्या नळापर्यंत जाऊन आले.

"सलाम कशाचा? खूर सडलाय त्याचा. पाय टेकवत न्हाई म्हणून गुडघ्यावर चरून राहिलं. त्यो नळ गळून राहिला, समदा चिखल झालाय तिथं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सांग कुणाला तरी. दुसऱ्याबी हरणाला लागंल."

मैत्रिणीनं विचारल्यावर, काय म्हणाले ते मला तिला सांगावंच लागलं. ती म्हणाली, तिकीट खिडकीजवळ अभिप्रायाची वही असते, त्यात लिहा. आबांना ते फार पटलं. खिडकीपाशी जाड वही दोरीनं बांधलेली होती. आमच्यामागं एक नीटनेटकं कुटुंब उभं होतं. वडील सफारीत, मुली रिबिनी बांधलेल्या.

आबा मोठ्यानं सांगू लागले. कुरणात एकमेकांना हाक मारतात तशा आवाजात. "लिव, माय. हरणाचा पुढचा पाय सडलाय. खूर कापून साफ करावा. मोरचुदाच्या निळ्या पाण्यात पाय बुडवून उभं करावं." मोरचूद किती, पाणी किती, किती दिवस, हे सगळं त्यांनी सांगितलं. मागच्या मुली तोंडावर हात धरून हसत होत्या. मैत्रीण माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती.

मी लिहिलं, "उद्यान अतिशय सुंदर व स्वच्छ आहे. प्राणी पाहून आनंद झाला."

‘सुंदर’, ‘स्वच्छ’ एवढं मैत्रिणीलाही वाचता आलं. तिनं एकदा आबांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"लिवलं समदं? मोरचुदाचं बी?"

"हो, आबा."

"मंग अंगठा कुठं लावू?"

मी म्हटलं, त्याची गरज नसते. ते म्हणाले, "काहून? बोलणं माझं हाय." खिडकीतल्या माणसाकडून त्यांनी शाईचा पॅड मागून घेतला आणि माझ्या अक्षरांखाली अंगठा दाबला. तो माणूस हसून म्हणाला, "क्या चाचा, जायदाद लिख दिए क्या?"

"नई साब," आबाही हसले, "हरन का पाँव लिखाया."

पुढची कितीतरी वर्षं मी सुट्टीला घरी गेले की ते विचारायचे, "त्या हरणाचा पाय बरा झाला असंल का गं?" मी म्हणायचे, झाला असेल. गावात ते सांगत, आमच्या लेकीनं सरकारी वहीत लिवलं. मी शिक्षिका झाले, वर्गात निबंध शिकवू लागले, तरी ते तेच सांगत राहिले. खरं सांगायला मला दहा वर्षं मिळाली होती.

आबा गेले. दहाव्याला नदीवरून परतल्यावर त्यांच्याबरोबर जन्मभर मेंढरं राखलेले चुलते माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "बाई, एक विचारू का? औंदा पावसानं माझ्या मेंढरांचे खूर सडलेत. मोरचूद टाकून बघितलं, तर कातडं भाजलं. तुझ्या बापाचं माप बराबर असायचं. किती टाकायचा त्यो?"

"मला ठाऊक नाही, काका."

"आसं कसं? तूच तर लिवलं व्हतंस त्या वहीत. आठवून बघ."

मी आठवून पाहिलं. आबांचा आवाज आठवला, मागच्या मुलींच्या रिबिनी आठवल्या, गळणारा नळही आठवला. माप आठवेना. ते मी ऐकलंच नव्हतं.

"मी ते लिहिलं नव्हतं, काका," मी म्हटलं.

चुलते माझ्याकडे बघत राहिले. रागावले नाहीत, त्यांना बहुतेक समजलंच नाही.

"मंग त्यानं अंगठा कशाखाली लावला?"

"बाग सुंदर आहे, याखाली," मी म्हटलं.