आईची तुळस माझ्या हातावर

आई गेल्यावर मी वाशीमला जाऊन तिच्या हातावरचं गोंदण माझ्या हातावर काढून घेतलं. कोपराखाली तुळस, बाजूला दोन ठिपके. मोबाइलमधल्या फोटोवरून टॅटूवाल्यानं ते जसंच्या तसं उतरवलं आणि मग विचारलं, "ताई, तुमची स्किन ऑइली हाय का ड्राय?"

चाळिशी उलटलेल्या बाईला हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. मी ठोकून दिलं, "ड्राय. आईसारखी." आमच्या अनसिंग गावात सगळे मला आईवर गेलेली म्हणतात. नाक तिचं, चाल तिची, राग तर पुरेपूर तिचा. हिवाळ्यात तिचे हात उकलायचे, नखानं पांढरी रेघ उठायची. मग माझी कातडी आणखी कोणाची असणार? बापाचा प्रश्नच नव्हता. मी दुसरीत असताना तो मालेगावला दुसरा संसार थाटायला निघून गेला आणि आमच्या घरात त्याचा विषय निघत नसे.

टॅटूवाल्यानं कोरड्या त्वचेचं घट्ट मलम दिलं. घरी धनजची मावशी आलेली होती. तिनं ट्यूब हुंगली आणि नाक मुरडलं. "गोंदणाले हळद अन् तेल लागते. आमी काय ट्यूबा लावल्या?" कोणाचं ऐकावं ते कळेना, म्हणून मी दोघांचंही ऐकलं. सकाळी मलम, संध्याकाळी हळद-तेल. चादर पिवळी झाली. शेजारच्या बांगडीवाल्या चाची येऊन ओरडल्या, "इतकं तेल काहून थापून राह्यली? हवा लागू दे त्याले!" आता तिसरं मत. माझं डोकं पार चक्रावलं.

मग तुळशीभोवती पुळ्या उठल्या. मला वाटलं कातडी कोरडीच पडते आहे, म्हणून मी आणखी तेल चोपडलं. पानांच्या कडा सुजेत बुडाल्या तेव्हा मात्र मी मलम आणि तेल दोन्ही बाजूला ठेवलं. आईचा हात आता कुठेच नव्हता. ही तुळस पुसली तर ती माझ्यासाठी दुसऱ्यांदा जाणार होती.

मावशीला घेऊन वाशीमच्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी माझ्या हातावर, मग कपाळावर पातळ कागद दाबला आणि उजेडात धरला. कागद तेलानं आरपार दिसत होता. "तुमची त्वचा चांगलीच तेलकट आहे," त्या म्हणाल्या. "त्यावर एवढं थापल्यावर छिद्रं बुजणारच. सौम्य साबणानं धुवा, टिपून कोरडं करा, बिनतेलाचं हलकं लोशन लावा. भरेपर्यंत ऊन नको. घरात कोणाची अशी त्वचा आहे?"

"कोणाचीच नाही," मी जवळजवळ भांडलेच. "नीट बघा, मी आईवर गेले आहे."

स्टुलावर बसलेली मावशी पदराशी चाळा करत होती. ती हळूच म्हणाली, "बापाची हाय."

बाहेर आल्यावर मी तिच्यावर उखडले. "इतकी वर्षं काहून नाही सांगितलं?"

"तू कदी इचारलं?" मावशी म्हणाली. "तोंडाच्या तेलानं उशीचे अभ्रे काळे करे तो. तुही माय त्याच्या तोंडाले मुलतानी माती लावे. तो गेला, तरी तिनं माती आणनं सोडलं नाही."

"मग कोणाले लावे?"

"तुले."

मी रस्त्यातच थांबले. आठवलं. आई रविवारी मला पुढ्यात बसवायची, हनुवटी धरून गालांवर ओली माती फासायची. हसायचं नाही, बोलायचं नाही. मला वाटायचं, मी गोरी व्हावी म्हणून ही खटपट. माती वाळेपर्यंत ती माझ्याकडे एकटक बघत बसायची. मग स्वतःच्या हातानं धुवायची, कानामागून, मानेवरून, हलक्या हातानं.

तुळस आता भरली आहे, एक पान जरा फिकट राहिलं. मी साबणानं धुते, टिपते, लोशन लावते. आईचं गोंदण त्या माणसाच्या कातडीवर, याचा कधी संताप येतो, कधी काहीच वाटत नाही. आईला तर पहिल्यापासून माहीत होतं. ती माती फासून माझ्या चेहऱ्यावरून त्याला धुऊन काढत होती की जपत होती, एवढंच मला अजून उमगत नाही.