आंबेनळीत गाडी कोणाला लागली

नजर, उतारा, अंगारा... यातलं मी काहीही मानत नाही, आणि हे लिहून झाल्यावरही मानणार नाही. आधीच सांगते, म्हणजे वाद नकोत.

मी महाडची. मला गाडी लागते. कशेडीचा घाट असो की आंबेनळीचा, दुसऱ्या वळणाला पिशवी उघडायची. ह्यांची सगळी नोकरी एसटीत, घाटात गाडी चालवण्यात गेली. त्यामुळे लग्नापासून टोमणा ठरलेला – “माणूस हायस का ताकाचा डेरा गो?”

यंदा मुलीचं पहिलं बाळंतपण. डॉक्टरांनी तिला प्रवासाला मनाई केली, तेव्हा मीच तिच्या सासरी वाईला जायचं ठरलं. म्हणजे आंबेनळी आलीच.

ह्यांचा भाचा सुजित पुण्याहून हेडसेट घेऊन आला. त्याच्या कंपनीत हेच काम चालतं – डोळ्यांसमोर घाटरस्ता, कपाळावर मेंदूच्या लहरी टिपणारा पट्टा. मळमळ उठायच्या आत पट्ट्याला कळतं, चित्र संथ होतं. हळूहळू सवय होते म्हणे.

“मामी, तुझ्यासारखं गिऱ्हाईक अख्ख्या पुण्यात मिळालं नाही.”

रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले. हे मागच्या अंगणात, आमच्याकडे पाठ करून नारळ सोलत होते. पहिल्या वळणांना पोट ढवळलं, सुजित म्हणाला, लॅपटॉपवरची रेघ चढली... आणि एकदम सपाट झाली. वळणामागून वळण येतंय आणि मी मजेत. तेवढ्यात अंगणातून ओकारीचा आवाज आला.

हेडसेट काढला, हे थांबले. ह्यांना न सांगता पुन्हा लावला – अंगणातून पुन्हा तोच आवाज.

पित्त म्हणाल, तर पोहे दोघांनी एकाच कढईतले खाल्ले होते. डॉक्टरांनी ह्यांचे कान, बीपी तपासले; काही नाही. पट्टा फक्त टिपतो, बाहेर काही पाठवत नाही, असं सुजित शपथेवर सांगतो.

तेव्हापासून ह्यांना स्टेअरिंगवर बसूनही घाट सोसेना. जाऊबाई म्हणाल्या, “घाटातल्या देवीला नारळ दे गो.”

“देवीनेच सोय केली असेल, तर तक्रार कशाला?” मी म्हटलं.

वाईहून फोन आला, तशी गाडी मीच काढली. आजवर बाजारापलीकडे चालवली नव्हती. पोलादपूर मागे पडलं आणि शेजारी ह्यांनी पिशवी तोंडाशी धरली.

“हळू गो... काय मारतेस काय?”

“समोर बघा. बोललं की जास्त होतं.”

नात जन्मली तेव्हा मी दाराबाहेर उभी होते.

चालवणाऱ्याला गाडी लागत नाही, हे मला सांगू नका. परवा मी एसटीच्या मागच्या सीटवर बसून आले – काही नाही. हे कसं झालं, सुजितला ठाऊक नाही, मलाही नाही. तो म्हणतो, पुन्हा पट्टा लावून उलटं होतंय का बघू. हेही रोज विचारतात. अन्याय होतोय ह्यांच्यावर, मान्य. पण पट्टा मी लावणार नाही. मला नातीकडे जायचं असतं.