रूबेनची साक्ष

“शवपेटी चर्चमध्ये नको आणायला, ताई.”

आमच्या मराठी चर्चचे चेअरमनसाहेब माझ्या हॉलमध्ये खिडकीपाशी उभे राहून हे बोलले. बसले नाहीत. बूट काढले नाहीत. बोलताना नजर खाली पार्किंगकडे. त्याच पार्किंगमध्ये माझा रूबेन गोळी लागून पडला होता. साहेब बघत होते ती आपली गाडी. जागेवर आहे ना म्हणून.

शेजारी पाळकसाहेब. काखेत बायबल, मान खाली.

“फ्युनरल होममध्ये छोटंसं करू,” चेअरमन म्हणाले. “चर्चमध्ये त्याचे ते मित्र येणार. उगाच काही झालं म्हणजे? सेफ्टीचा इश्यू आहे.”

त्याचे ते मित्र म्हणजे आमच्या टॉवरमधली पोरं. जमैकन, सोमाली, तमिळ. रूबेनबरोबर बास्केटबॉल खेळणारी. रूबेन ग्रोसरीच्या दुकानातलं काम उरकून घरी येत होता. दुसऱ्याच कुणाचं तरी भांडण पेटलं होतं, गोळी ह्याला लागली. पोलिसांनीच तसं सांगितलं, मी ते ह्या दोघांना सांगितलं. तर पाळकसाहेब म्हणतात, “देव जाणे, ताई. आजकालची मुलं आईला सगळं थोडंच सांगतात.”

माझं लेकरू शवागारात होतं. आणि हे माझ्याच घरात उभे राहून त्याला गुंड ठरवत होते.

ही दोन हजार सोळाच्या आसपासची गोष्ट. टोरंटोच्या पूर्वेला आमचा टॉवर, रस्ता ओलांडला की चर्च. पण चर्च चालवणारे इथं राहत नाहीत. ते एकोणीसशे सत्तरच्या सुमाराला कॅनडात आलेले, इंजिनियर न् डॉक्टर, लांब मोठमोठ्या घरांत राहणारे. रविवारी गाड्या घेऊन येतात, आशीर्वाद झाला की ढुंगणाला पाय लावून पळतात. मी जालन्याची. नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्यांचं हगणं-मुतणं काढते. चर्चचा चहा माझ्याकडे. का, तर मी जवळ राहते.

आमच्यात मयताच्या घरी चूल पेटत नाही. चर्चची मंडळी डबे घेऊन येते, बसून भजनं म्हणते. चेअरमनसाहेबांची आई गेली तेव्हा मी बर्फातून बस बदलत पिठलं-भाकरी घेऊन गेले होते. माझ्याकडे डबा आला तो खालच्या मजल्यावरच्या जमैकन बाईचा. मंडळीकडून काय आलं? फुलं. कुरिअरनं.

आणि बंदुकीचं म्हणाल, तर चेअरमनसाहेबांकडे दोन आहेत. फॉलमध्ये, म्हणजे पानगळीत, ते जंगलातल्या कॉटेजला जातात, हरीण मारतात, पायाशी टाकून फोटो काढतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळे लिहितात, ‘वा साहेब!’ त्यांनी बंदूक धरली की छंद. माझ्या पोरानं आयुष्यात बंदूक धरली नाही, नुसती गोळी खाल्ली, तर तो वाया गेलेला. थू!

दफन झालं. त्यांनी म्हटलं तसंच, छोटंसं. नंतर मी पाळकसाहेबांकडे गेले. म्हटलं, चर्चचं बेसमेंट आठवडाभर रिकामं असतं, हीटर चालू असतो. संध्याकाळी पोरांना उघडून द्या. मी बसते तिथं, खायला मी करते. म्हणाले, “इन्शुरन्स परवानगी देत नाही.” पुढच्याच आठवड्यात दाराला नवीन कुलूप आलं, वर कॅमेरा.

मग एक दिवस त्यांचाच फोन. रविवारी साक्ष द्या म्हणून. आमच्याकडे उपासनेत कुणीतरी उभं राहून सांगतं, देवानं माझ्यासाठी काय केलं ते. मी काय सांगायचं तेही त्यांनी ठरवलं होतं. “म्हणा की मुलाला वाईट संगत लागली, आईचं ऐकलं नाही. पण प्रभूनं मला शांती दिली. आपल्या तरुणांना जरा धाक बसेल.”

असा ह्यांचा गोळीवर इलाज. कुलूप, कॅमेरा, आणि माझ्या मेलेल्या पोराची बदनामी. तीही माझ्या तोंडून.

मी हो म्हटलं. त्यांनी बिनधास्त माइक दिला. त्या चर्चमध्ये ‘साखर घालू का?’ ह्यापलीकडे माझा आवाज कुणी ऐकला नव्हता.

“सलाम, मंडळी,” मी आमच्या चर्चच्या रीतीनं म्हणाले. “माझा रूबेन कामावरून घरी येत होता. वाईट संगत त्याला नव्हती. वाईट संगत मला होती. तुमची.”

चेअरमन अर्धवट उठले. “ताई, बसा.”

“तुमच्या आईच्या मयताला मी आले होते. माझ्या पोराची पेटी तुम्ही ह्या दारातून आत येऊ दिली नाही. ज्याला तुम्ही प्रभू म्हणता, तोही मारलेलाच होता ना? त्याची पेटी घेतली असती का आत?”

कुणीतरी माइक बंद केला. करा. जालन्यात आम्ही माइकवर वाढलो नाही. मी ओरडून त्याचं नाव घेतलं. पुन्हा घेतलं. पुढच्या बाकावरच्या बायकांनी पर्सा मांडीवर ओढून घेतल्या, जशी काही मी त्या हिसकावणार होते.

उपासनेनंतर पाळकसाहेब गोड आवाजात म्हणाले, “काही दिवस दुसऱ्या चर्चला जाऊन बघा, ताई. मनाला बरं वाटेल.”

बरं कुणाला वाटेल, ते मला कळलं. मी नाही जात. चहा सोडला, चर्च नाही. दर रविवारी पहिल्या बाकावर बसते, मांडीवर रूबेनचा फोटो, वर व्यासपीठावर बसणाऱ्या चेअरमनसाहेबांच्या बरोब्बर समोर. ते डोळे मिटून प्रार्थना करतात. मी उघडे ठेवते.

आमच्या टॉवरमध्ये पुन्हा गोळी चालेल. पुन्हा कुणाचं तरी पोर जाईल. त्या घरी पहिला डबा माझा असेल. कुणाची चूक, हे मी विचारणार नाही. आणि त्या आईनं हो म्हटलं, तर पेटी मी ह्याच चर्चवर आणीन. लावा कुलूप. मी दाराला आडवी पेटी ठेवीन, तिथंच बसून भजन सुरू करीन.

मग या तुम्ही रविवारी. गाड्या लावा. आणि आत जायचं असेल तर पेटी ओलांडून जा.