माझी काळी पाच

"तुमी गा सायेब, मी हाय मागं."

गाणं सुरू होण्याआधी मास्तर एवढंच म्हणायचे. उजव्या हाताची बोटं पँटीला घासायची, मान जराशी डावीकडं कलती करायची आणि हे वाक्य. इतक्या वर्षांत त्यात एका शब्दाचा फरक पडला नाही. मी तेव्हा माइकची उंची बघत असायचो. गायकाला मागं बघायची सवय नसते. खोटं वाटत असेल तर कुठल्याही गायन पार्टीसमोर बसून बघा.

मी परभणीत एका ऑफिसात क्लार्क आणि जयंतीच्या महिन्यात गायक. एप्रिल लागला की आमची पार्टी रोज एका गावाला, विहारासमोरच्या मंचावर. मास्तर मोंढ्यात मापाडी होते. दिवसभर तूर-सोयाबीनची पोती तोलायचे आणि संध्याकाळी अंगावरची धूळ झटकून माझ्या मागं येऊन बसायचे. त्यांचं पहिलं वाद्य बेंजो. तरुणपणी लग्नाच्या बँडमध्ये तो गळ्यात अडकवून वरातीपुढं चालायचे. "चालता चालता सूर सांडतो," असं म्हणून त्यांनी तो सोडला आणि पेटी घेतली.

त्या पेटीवर त्यांचा जीव होता. बायकोच्या मऊ झालेल्या लुगड्यात ती गुंडाळलेली असायची. पावसाळ्यात ओल धरू नये म्हणून खोक्यात तांदळाची पुरचुंडी. एसटीत पेटी मांडीवरच. एकदा कंडक्टर सामानाचं तिकीट मागायला लागला, तर मास्तर गंभीरपणे म्हणाले, "लेकरू हाय. अर्धं फाडा." अख्खी गाडी हसली. मास्तर मात्र हसले नाहीत, ते खरंच सुटे पैसे काढत होते.

आता माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल, त्याशिवाय मास्तर कळायचे नाहीत. पेटीच्या ज्या पट्टीवर गायक आपला 'सा' धरतो, तो त्याचा सूर. माझा सूर काळी पाच. पुरुषाच्या गळ्याला हा फार उंच. तरुणपणी मी तिथं सहज फिरायचो आणि तसं सगळ्यांना सांगतही फिरायचो. मंचावरून माइकमध्येच ओरडायचो, "मास्तर, द्या काळी पाच!" लोक टाळ्या वाजवायचे. गाण्याआधीच टाळ्या घेण्याची मला चटक लागली होती.

मग एका वर्षी मास्तरांनी पेटी विकली. पूर्णेकडच्या एका भजनी मंडळाला दिली आणि नांदेडहून एक जुना कीबोर्ड आणला. आम्ही चकितच झालो. या माणसाला प्लास्टिकच्या पट्ट्यांचा मनापासून तिटकारा होता. कीबोर्डला ते कायम 'डबा' म्हणायचे.

"म्हातारपणी मॉडर्न झालात, मास्तर," मी म्हणालो.

"जमाना बदलायलाय सायेब. ह्याच्यात जीव न्हाई, पर सोय लय हाय."

कसली सोय, हे मी विचारलं नाही. पब्लिकची आवड त्यांनी ओळखली, असं मी धरून चाललो आणि चारचौघांत त्याचं थोडं श्रेयही घेतलं.

पुढची सहा वर्षं झकास गेली. माझ्या वयाच्या गायकांचे गळे उतरले, एकेक जण दोन-दोन पट्ट्या खाली आला. मी मात्र पन्नाशी ओलांडून काळी पाचलाच. चहाच्या टपरीवर मी त्यांना सल्ले द्यायचो, "गळा सांभाळावा लागतो, बाबांनो. तंबाखू सोडा." शेजारी बसलेले मास्तर बशीत फुंकर मारत राहायचे.

मग आवड पुन्हा बदलली. गावोगावच्या जयंती समित्यांना छातीत धडधडणारा ठोका हवा झाला. पूर्णेचा एक पंचविशीतला वादक नवा कीबोर्ड घेऊन फिरायचा, त्यात सगळा बँड भरलेला होता. समितीवाले म्हणाले, "दादा, त्याला घ्या. मास्तरचा डबा आता चालंना." मी दोन दिवसही विचार केला नाही. मोंढ्यात गेलो. मास्तर काट्यापाशी उभे होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं.

त्यांनी पोतं काट्यावर नीट सरकवलं. म्हणाले, "त्या गड्याला माझा नंबर द्या. तुमचा सूर समजून सांगतो त्याला."

"माझा सूर अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक आहे, मास्तर."

ते माझ्याकडं बघत राहिले. काहीतरी ओठांवर आलं होतं. मग "बरं" म्हणाले आणि वजन मोठ्यानं सांगितलं.

नव्या वादकाबरोबर पहिला कार्यक्रम बोरीला होता. समोर माणूसच माणूस. मी नेहमीसारखा ओरडलो, "द्या काळी पाच!" त्यानं दिली. मुखडा कसाबसा निभावला. अंतऱ्याला वर गेलो आणि गळा फाटला. मी माइकवाल्यावर डोळे वटारले. दुसऱ्या गाण्याला तेच. पुढच्या रांगेतली पोरं फिदीफिदी हसायला लागली. तिसरं गाणं मी कोरसच्या गळ्यात घातलं आणि नुसते हात हलवत राहिलो.

मंचामागं तो वादक हळूच म्हणाला, "दादा, राग येऊ देऊ नका. तुमचा सूर काळी पाच न्हाई. काळी तीन हाय."

मी त्याच्या अंगावर धावून गेलो. तेव्हा आमचा ढोलकीवाला मधे पडला. वीस वर्षं माझ्यासोबत असलेला माणूस.

"त्याच्यावर कशाला चिडायलाव? मास्तर दर साल-दोन सालाला बटन दाबून अर्धी पट्टी खाली घ्यायचे. बोटं काळी पाचवर, आवाज खालचा. मी ढोलकी उतरवत आलो. समद्यांना ठावं हाय, तुमाला सोडून."

मी वादकाची धरलेली कॉलर सोडली.

"पेटीला बटन नसतंय. पट्टी बदलली की तालमीत समोर बसल्यावर तुमाला दिसलं असतं. म्हनून तर इकली त्यांनी. त्यांना का हौस व्हती डब्याची?"

इथून पुढचं सांगायला जीभ जड होते, पण सांगतो.

मी सरळ मास्तरांकडं जायला हवं होतं. गेलो नाही. गेलो असतो तर माझा गळा उतरला हे कबूल करावं लागलं असतं. चार दिवसांनी टपरीवर समितीच्या लोकांनी विचारलं, "दादा, बोरीला काय झालं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मास्तरचा डबा उतरलेला होता. इतकी वर्षं खोट्या सुरात गाऊन गळ्याची सवयच मोडली." बोलताना मला फार हलकं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

मास्तरांना तोवर दुसऱ्या पार्ट्या बोलवत होत्या. त्या थांबल्या. सुराला कच्च्या माणसाला कोण नेणार? माझं बोलणं त्यांच्या कानावर गेलं होतं, हे मला ढोलकीवाल्यानंच सांगितलं. त्यांनी एका शब्दानं इन्कार केला नाही. मोंढ्यात समोरासमोर आलो की मीच रस्ता बदलायचो.

दोन वर्षांनी ते काट्यापाशीच छातीत कळ येऊन गेले. पुण्यानुमोदनाला घरापुढं मांडव होता. वंदना झाली, माणसं बोलायला उठली. एका समितीचे अध्यक्ष म्हणाले, "मास्तर म्हंजे सोन्यासारखा मानूस. शेवटी शेवटी सुराला कच्चे झाले व्हते, पर मानूस सोन्याचा." लोकांनी माना डोलावल्या. फोटोला घातलेला पांढऱ्या फुलांचा हार वाऱ्यानं हलत होता. माइक माझ्यापासून चार पावलांवर होता. ढोलकीवाला माझ्याकडं एकटक बघत होता.

तेवढ्यात माझंच नाव पुकारलं. दोन शब्द बोला, नाहीतर एखादं गीत म्हणा, म्हणाले.

मी जागेवरूनच हात हलवला. "गळा बसलाय," म्हणालो.

अध्यक्षांनी दुसऱ्याला बोलावलं. मास्तरांच्या बायकोनं ते ऐकलं असावं. त्या उठून आत गेल्या आणि थोड्या वेळानं तांब्या घेऊन आल्या.

"गार पानी पिऊ नका, भाऊजी," त्या म्हणाल्या. "तुमच्या गळ्याला सोसत न्हाई, ह्यांनी सांगून ठिवलं व्हतं."

पाणी कोमट होतं. सगळ्यांसमोर मी ते शेवटच्या घोटापर्यंत प्यालो.