क्रेट रिकामे द्यायचे नाहीत

मी आठवीत शाळा सोडली. त्यामुळे शाळा म्हटलं की माझे हात आपोआप जोडले जातात. लंडनजवळ हाउन्सलोत लेकीला फी न घेता शाळेत घेतलं, तेव्हा मी तिच्या मिसला इतक्या वेळा थँक्यू म्हटलं की ती हसायलाच लागली. मी एअरपोर्टजवळ विमानातल्या जेवणाचे ट्रे भरायचे. कोणी काही दिलं की आधी घाबरायचं आणि मग आभार मानायचे, हा माझा स्वभाव.

त्या शाळेत गोरी मुलं जवळजवळ नव्हतीच. होती तीही त्यांच्या आयांनी एकेक करून काढून नेली. मग कुणाच्या तरी डोक्यातून निघालं, की आमची शाळा लंडनबाहेर, मेडनहेडकडच्या एका शाळेशी जोडायची. एकदा आम्ही तिकडे जायचं, एकदा त्यांनी इकडे यायचं. एकाच देशातल्या मुलांनी एकमेकांना बघावं म्हणून कोच-बस करायची! तेव्हा मला त्याचंही कौतुकच वाटलं.

पहिल्या भेटीला मी मदतीला गेले. दोन्ही शाळा सरकारीच, फी कुठेच नाही. पण त्यांच्याकडे म्युझिकची वेगळी खोली, भिंतीवर ओळीने टांगलेली व्हायोलिनं. पालकांनी जत्रा भरवून पैसे जमवले, असं कळलं. आमच्याकडे लेकीचा वर्ग पावसात गळायचा आणि म्युझिकची मिस पैसे नाहीत म्हणून गेलेली.

लेकीच्या जोडीला दिलेल्या मुलीने तिच्या खांद्यावर व्हायोलिन ठेवलं, हातात गज दिला. कर्कश आवाज निघाला आणि दोघी खिदळल्या.

"आई, ते आपल्याकडे येतील ना, तेव्हा सगळे मिळून वाजवणार. मी पण!"

निघताना तिथल्या पालक कमिटीच्या बाईंनी दोन मोठे प्लास्टिकचे क्रेट कोचमध्ये चढवले. "तुमच्या मुलांसाठी." मी न बघताच हात जोडले.

शाळेत येऊन उघडले. फाटकी पुस्तकं, बुरशी आलेले रेनकोट आणि तळाशी गजांसकट चार व्हायोलिनं. एकालाही तार नाही. लेकीने तरी एक उचललं आणि घरी आणलं. मी तारा घ्यायला दुकानात गेले, तर दुकानदार म्हणाला, "लाकूड आतून फुटलंय. तार ताणली की तुकडे होतील." म्हणजे कचराच. त्यांच्या दारातला कचरा आमच्या दारात, आणि वर माझा नमस्कार.

हे म्हणाले, "गप बस. व्हिसा रिन्यू व्हायचाय. तोंड उघडू नकोस."

मेडनहेडची शाळा आमच्याकडे आली त्या दिवशी आमच्या हॉलमध्ये त्यांची मुलं व्हायोलिनं घेऊन पुढे उभी राहिली. आमची मागे. त्यांची म्युझिकची मिस गोड हसून म्हणाली, "तुम्ही टाळ्यांनी ताल धरा हं!"

आमच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. माझी लेक हात मागे बांधून उभी होती. तिच्या मिसने माझ्याकडे पाहिलं, की मी तिला खुणावेन. एरवी खुणावलंच असतं. त्या दिवशी मी खिडकीबाहेर बघत राहिले.

कार्यक्रम संपल्यावर कमिटीच्या बाई आल्या. "आमचे क्रेट परत मिळतील का?"

आमच्या घरी कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. साखर घालतात, निदान चार दाणे तरी. मी सकाळीच क्रेट भरून ठेवले होते. घरी आणलेलं धरून चारही व्हायोलिनं, वर घड्या घातलेले रेनकोट.

"अहो, पण हे तुम्हाला दिलं होतं," त्या म्हणाल्या.

"आम्ही रिकामं परत देत नाही," मी माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हटलं. "हे तुमच्या मुलांना द्या. वाजवतील."

बाई लाल झाल्या. क्रेट उचलून गेल्या.

बसस्टॉपवर लेक एकदम म्हणाली, "ते व्हायोलिन माझं होतं. तू विचारलं पण नाहीस."

"अगं, फुटकं होतं ते."

"मग चांगलं कोण देणार?"

बस आली. तिने दप्तर पुढे घेतलं, तेव्हा गजाचं टोक बाहेर दिसलं. तेवढा तिने काढून ठेवला होता. चांगलं ज्यांनी द्यायला हवं होतं, ते मेडनहेडवाले पुढच्या वर्षी आलेच नाहीत.