महिपतीच्या होडीत सुंदराबाई

महिपती माणूस विक्षिप्त. अंबरनाथच्या कारखान्यात तो फिटर होता. कारखान्याला टाळं लागल्यावर उल्हासनगरच्या भंगारवाल्याकडून त्याने होडीला मागे लावायचं जुनं इंजिन आणलं आणि बारवी धरणाच्या पाण्यावर माणसं ने-आण करू लागला. मी पलीकडच्या पाड्यावर मास्तर, त्यामुळे रोज त्याच्या तावडीत सापडायचो.

इंजिन वर बसलं की पंखा हवा खातो, फार खाली गेलं की नुसतं पाणी ओढत राहतं. खाली सागाची फळी घालून, काढून, तासून पुन्हा घालून त्याने त्यात आठवडा घालवला. इंजिन किती तिरकं ठेवायचं त्यासाठी कडेच्या पट्टीत पाच भोकं होती. त्यातली खीळ तो रोज माणसं बघून बदलायचा. इतक्यावर थांबला असता तर ठीक. पण तो माणसांनाही वजन बघून बसवायचा, आणि तेही ओरडून.

"सुंदराकाकी, तुम्ही पुढं! मागं बसलात की होडी नाक वर करते."

भर बाजाराच्या दिवशी हे ऐकल्यावर पाड्यावरच्या सुंदराबाईंनी त्याची होडीच टाकली. दोन वर्षं डोंगराला वळसा घालून बदलापूरला चालत गेल्या, पण त्याचं तोंड पाहिलं नाही.

एक्क्याण्णवच्या श्रावणात त्यांची सून सोनी बाळंतपणात अडली. सुईणीने हात टेकले. आता होडीशिवाय इलाज नव्हता. मदतीला म्हणून मीही चढलो.

आडवं होण्याइतकी जागा मागेच होती. सोनीचं डोकं तिच्या नवऱ्याने, चांगोने, मांडीवर घेतलं. सुंदराबाई तिचा हात धरून बसल्या. होडी निघाली ती शेपूट बुडवून आणि नाक वर करून. इंजिन बोंबलत होतं, होडी मात्र रांगत होती. महिपतीने खीळ शेवटच्या भोकात घातली, तरी फरक पडेना. मी आपण होऊन पुढे गेलो, पण माझ्या काटकुळ्या देहाने काय होणार?

"काकी, पुढं जा."

"पोरीचा हात सोडून?"

"हात चांगो धरंल. अशानं तास लागंल. तेवढा टाइम नाय तिला."

सुंदराबाई उठल्या. सोनीकडे पाठ करून माझ्या शेजारी बसल्या. होडीचं नाक खाली आलं आणि ती पाणी कापत सुटली.

"आता हलू नका," महिपती म्हणाला.

"सोने!" सुंदराबाई समोर बघतच हाक मारायच्या. मागून बारीकसं "हं" यायचं. असं तीनदा झालं. चौथ्यांदा आलं नाही.

मी मान वळवली. सोनीचे डोळे मिटलेले. चांगो तिचे गाल थोपटत होता.

"बोलत का नाय ती?"

"दमलीय, काकी. डोळं उघडं हायती. तुमच्याकडंच बघते," महिपती धडधडीत खोटं बोलला. मी मान पुन्हा पुढे वळवली. सुंदराबाईंनी दोन्ही हातांनी बसायची फळी घट्ट धरली. पुन्हा हाक मारली नाही.

काठावर जीप मिळाली. संध्याकाळी मुलगी झाली. सोनीचा जीव वाचला. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून चक्क रडलो.

दुसऱ्या दिवशी महिपती तिथे आला, मान खाली घालून.

"काकी, मी काल खोटं बोललो."

"मला तवाच कळलं व्हतं."

"मग वळून का नाय बघितलं?"

"बघितलं असतं, तर तिथं बसून राहवलं नसतं रे मला."